सल्ला: नवीन शब्द सापडलाय, पण वापरला की लोक हसतात

पत्राचा सारांश: नेरूळहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय तिशीच्या आसपास, ऐरोलीला आयटीत नोकरी, शाळा पूर्ण इंग्रजी माध्यमातली. बेलापूरच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजारात तिने नेहमीच्या मावशींना विचारलं की आज बोंबील एवढे कमी का, तर त्या म्हणाल्या, "भांगाचा पानी हाय बाय, वढ नाय त्याला." घरी येऊन तिने शब्द शोधला, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी जोराची भरती-ओहोटी असं कळलं आणि ती त्या शब्दाच्या प्रेमातच पडली. व्हॉट्सअॅपचं स्टेटस, इन्स्टाची कॅप्शन, ऑफिसचा ग्रुप, सगळीकडे भांग. मग 27 फेब्रुवारीला सोसायटीत मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम होता, तिथे तिने स्वतःची कविता वाचली आणि त्यात एक ओळ होती, "तू गेलास आणि मनाला भांग लागली". अख्खा हॉल हसला. मागून कुणीतरी होळीला अजून वेळ आहे म्हणालं. नंतर एक काका येऊन सांगून गेले की साधं लिहावं, इतके जड शब्द कशाला. नवरा म्हणाला मलाही नाही कळलं. आता तिचे प्रश्न असे: अनवट शब्द वापरणं म्हणजे शायनिंग मारणं का? इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माणसाने या भानगडीत पडावं का? आणि मी कोळी नाही, मग त्यांचा शब्द माझ्या कवितेत घेतला तर ते बरोबर आहे का? शेवटी लिहिलंय, "ताई, शब्दांची वही बंद करून टाकू का?"

अगं, वही अजिबात बंद करू नकोस, हे आधी सांगून टाकते म्हणजे बाकीचं तू शांतपणे वाचशील. बोंबील घ्यायला गेलेली मुलगी एक शब्द घेऊन घरी आली आणि अर्थ मिळेपर्यंत तिला चैन पडलं नाही, ही ओढ कुठल्या माध्यमाच्या शाळेत शिकवत नाहीत.

आता त्या हसण्याकडे बघू, कारण तू त्यातून जो अर्थ काढलायस तो मला पटत नाही. तुझं म्हणणं असं की शब्द अनोळखी होता म्हणून लोक हसले. पण अनोळखी शब्द ऐकून कुणी हसत नाही गं, माणसं फार तर गप्प बसतात किंवा शेजारच्याला काय म्हणाली म्हणून विचारतात. लोक हसले कारण त्यांना एक अगदी ओळखीचा शब्द ऐकू आला. बघ ना, मराठीत भांग तीन आहेत. प्यायची ती भांग, स्त्रीलिंगी, म्हणून भांग चढली, भांगेची गोळी. केसांतला तो भांग, म्हणून भांग पाडला, भांगात कुंकू. आणि तिसरा हा खाडीतला, त्याचंही रूप भांगाचं, भांगाला असंच होतं, राज्य मंडळाच्या भूगोलाच्या पुस्तकात 'भांगाची भरती' असते, 'भांगेची' नसते. मावशी काय म्हणाल्या होत्या? भांगाचा पानी. आणि तुझ्या ओळीत काय आलं? भांग लागली. त्या 'ली'ने सगळा हॉल सरळ होळीला नेऊन सोडला, आणि खरं सांगायचं तर ऐकणाऱ्यांनी मराठी अगदी बरोबर ऐकलं, त्यांचा त्यात काही दोष नाही.

म्हणजे झालं काय, की तू शब्द उचललास, अर्थ कोशातून घेतलास, पण मावशींचं वाक्य बाजारातच राहिलं. शब्दाचं लिंग काय, तो कुठल्या क्रियापदाबरोबर बसतो, त्याच्या आधी-मागे काय येतं, हे सगळं वाक्यात असतं. त्यामुळे वहीत शब्दापुढे नुसता अर्थ लिहू नकोस, ज्याने तो वापरला त्याचं पूर्ण वाक्य त्याच्याच उच्चारात लिहून ठेव, 'पानी' आणि 'वढ'सकट. अर्थ काय, उद्याही कोशात मिळेल, ते वाक्य पुन्हा त्याच माणसाकडून ऐकायला मिळेलच असं नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि ती हॉलमधल्या कुणाच्याच लक्षात आली नसणार. तुझ्या कवितेत तो गेलाय आणि मन रिकामं झालंय. ती झाली ओहोटी. भांग म्हणजे ओहोटी नाही. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र लागते, म्हणून पाणी खूप वर चढतं आणि खूप खालीही जातं, ते उधाण. शुद्ध आणि वद्य अष्टमीच्या सुमाराला चंद्र आणि सूर्य काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याची ओढ कमी करते, म्हणून भरती येते पण मोठी नाही, ओहोटी लागते पण पूर्ण नाही, तो भांग. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पाण्यात साधारण साडेतीन मीटरच्या वर फरक पडतो, म्हणजे दोन पुरुष पाणी, आणि भांगाला तोच फरक दीड मीटरच्या आसपास राहतो. पाणी संथ असतं, प्रवाहाला जोर नसतो. बोंबील पकडायची डोल जाळी एका जागी रोवलेली असतात, प्रवाहाने मासे आत यावेत म्हणून, आणि प्रवाहच मंद म्हणून जाळ्यात कमी येतं. मावशींनी तुला एका वाक्यात हे सगळं सांगितलं होतं.

आता हे तुझ्या कवितेवर लावून बघ. माणूस गेला त्या दिवशी भांग नसतो, त्या दिवशी उधाण असतं, रडणं, भांडण, फोन, मेसेज, सगळं. मग एक दिवस ओहोटी येते. पण त्यानंतर काही महिने असे जातात की धड रडूही येत नाही आणि धड विसरताही येत नाही, ऑफिसला जातो, डबा करतो, हसतोसुद्धा, आणि कुठलीच गोष्ट पूर्ण वर चढत नाही की पूर्ण उतरत नाही. त्या दिवसांना आपल्याकडे पटकन कुठला शब्द आहे सांग? उदास म्हटलं तर जास्त होतं, ठीक म्हटलं तर खोटं होतं. ही जागा भांगाची आहे. तुला सापडलेला शब्द तुला वाटला त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, तू त्याला ओहोटीच्या जागी बसवलंस म्हणून त्याला काही करायलाच मिळालं नाही. ओहोटीला ओहोटी म्हणून भागत असेल तर तिथे ओहोटीच लिहावं. दुसऱ्या कुठल्या शब्दाने काम होत नाही तिथेच अनवट शब्द आणावा, आणि शायनिंग कुठली आणि गरज कुठली हे मी तरी यावरूनच ओळखते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की आता काही दिवस लिहू नकोस, आधी भांग बघून ये. कॅलेंडरात तिथी असते, भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर मिळतात. एकदा अष्टमीच्या आसपास जा आणि एकदा पौर्णिमेच्या आसपास, जागा तीच ठेव, दिवाळ्याची जेट्टी चालेल, वाशीच्या खाडीपुलाजवळून दिसणारे खांब चालतील, ठाण्यात कुणी हे वाचत असेल तर चेंदणी कोळीवाड्याची बाजू आहे. फक्त लक्षात ठेव की भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, त्यामुळे आज सातला गेलीस म्हणून आठवड्याने सातलाच गेलीस तर फसशील, भरतीच्या वेळेला भरती आणि ओहोटीच्या वेळेला ओहोटी बघायची. खांबावर ओल कुठपर्यंत चढलीये, खारफुटीची मुळं किती उघडी आहेत, चिखल किती दिसतोय ते बघ. आपल्या ठाणे खाडीत येणारे रोहित पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात खायला उतरतात आणि भरती आली की नेरूळच्या तळ्यांकडे वगैरे जातात, हे तू बघितलंही असशील, पाम बीच रोडवरून जाताना लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. भांगाला चिखल कमी उघडा पडतो. हे डोळ्यांनी बघितलंस की तो शब्द तुला कुणाला समजावून सांगावा लागणार नाही, तुझ्या वाक्यातच ते पाणी येईल.

आता काका. त्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस, ते बिचारे चांगल्या मनाने बोलले असणार आणि मराठीत जड लिहिण्याचा त्रास आपण सगळ्यांनीच भोगलाय, सरकारी पत्रं वाचताना तर रोजच. पण जड म्हणजे काय हे जरा तपासून घ्यायला हवं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे जड आहे, कारण त्यामागे डोळ्यासमोर काही उभं राहत नाही. भांग हा दोन अक्षरी शब्द आहे, मासळी विकणाऱ्या बाईच्या तोंडात सहज आहे, शाळकरी मुलांच्या पुस्तकात आहे. तो जड नाही, तो काकांच्या कानाला नवीन होता एवढंच. आणि नवेपणा जातो. महापौर, दिनांक हे शब्द सावरकरांनी घडवले, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्रच वाटले असतील, आज नवी मुंबईत काय किंवा ठाण्यात काय, महापौर म्हटल्यावर कुणी थबकतसुद्धा नाही. तुझा शब्द तर कुणी घडवलेलाही नाही, जुनाच आहे, त्याला फक्त किनाऱ्यावरून थोडं आत यायचंय.

आणि इथेच तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, तो प्रश्न तुला पडला याचं मला फार बरं वाटलं. 'आनंदाला उधाण आलं' आपण म्हणतो ना? सोलापूर-लातूरचा माणूसही म्हणतो, ज्याने समुद्र सहलीतच पाहिलाय. 'लोकप्रियतेला ओहोटी लागली' पेपरात येतं. 'सुकाणू समिती' नेमली जाते, त्यातल्या किती जणांनी होडीचं सुकाणू हातात धरलं असेल? हे सगळे शब्द दर्यावर जगणाऱ्या लोकांचे, ते हळूहळू घाट चढून सगळ्या मराठीचे झाले. उधाण आलं, भरती आली, ओहोटी आली आणि त्यांचाच सख्खा भाऊ भांग मात्र खाली राहून गेला, बहुधा प्यायच्या भांगेमुळेच. त्यामुळे तू घेऊ शकतेस का, तर हो, खुशाल घे. पण घेताना पूर्ण घे, म्हणजे अर्थ न मोडता, आणि कुठून आला ते सांग. कविता वाचण्याआधी "हा शब्द मला दिवाळ्याच्या बाजारात मिळाला" एवढं म्हटलंस तरी पुरे. शिवाय मावशींना जाऊन सांग की तुमचा शब्द मी कवितेत घातलाय, आणि कविता वाचून दाखव, त्या चूक काढतील ती मनावर घे, या बाबतीत कोशापेक्षा त्यांचा शब्द मोठा. एक मात्र करू नकोस, त्यांची बोली गंमत म्हणून नक्कल करून स्टेजवर म्हणू नकोस. आगरी-कोळी बोलीवर हसणं आपल्याकडे फार सहज होतं आणि ज्यांची ती घरची भाषा आहे त्यांना ते लागतं.

इंग्रजी माध्यमाचं म्हणशील तर ते ओझं तू उगाच घेतलंयस. आमच्यासारख्या मराठी माध्यमातल्यांनी 'भांगाची भरती' परीक्षेत लिहून मार्क मिळवले आणि नंतर त्या शब्दाकडे वळूनही पाहिलं नाही. तुला तो पहिल्यांदा भेटला म्हणून तुझे कान टवकारले. आणि इंग्रजीचा उपयोगही आहे, मोल्सवर्थचा कोश मराठी-इंग्रजीच आहे, पहिली आवृत्ती 1831ची, वाढवलेली दुसरी 1857ची, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर तो फुकट शोधता येतो, आणि त्यात बोलण्यातले, गावाकडचे, धंद्यातले कितीतरी शब्द आहेत. अर्थ मराठीत हवा असेल तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तो 1932 ते 1938 मध्ये खंडाखंडाने आला, तोही ऑनलाइन आहे. शनिवारी वेळ काढता आला तर ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जा, 1893पासूनची संस्था आहे, स्टेशनपासून चालत जाण्यासारखी. कोशाचा खंड उघडून एक शब्द शोधायला जायचं आणि शेजारचेच भलतेच शब्द वाचत बसायचं, हे मोबाइलवर होत नाही.

आता स्टेटस आणि कॅप्शनबद्दल स्पष्ट बोलते. तिथे तू शब्दाची नासाडी केलीस असं मला वाटतं. सकाळच्या चहाच्या फोटोखाली भांग, ट्रॅफिकवर भांग, मंडे मूडला भांग, असं झालं की ज्याला अर्थ माहीत नाही त्याला तो कधीच कळणार नाही, कारण प्रत्येक ठिकाणी तो वेगळंच काहीतरी म्हणतोय. ऑफिसमध्ये वापरायचा तर एक जागा छान आहे, मोठं रिलीज होऊन गेलंय, पुढचं अजून सुरू नाही, काम चालू आहे पण कशालाच जोर नाही, तेव्हा "उधाण संपलं, आता भांगाचे दिवस" असं लिही. शेजारी उधाण आहे ना, मग ज्याला भांग माहीत नाही त्यालाही पाण्याचं चाललंय हे कळतं. अनवट शब्दाशेजारी त्याच्या घरातला एखादा ओळखीचा शब्द ठेवायचा, बाकी वाक्य अगदी साधं ठेवायचं. एका कवितेत, एका परिच्छेदात असा एकच शब्द. दोन आले की वाचणारा अडखळतो, तीन आले की सोडून देतो.

तुझ्या त्या ओळीचं काय करायचं, तर भांग काढून ओहोटी घालता येईल, ओळ सुरळीत होईल, पण मग ती कुणाचीही ओळ होईल. तळटीप देता येईल, छापायचं असेल तर हरकत नाही, स्टेजवर तळटीप नसते. मला वाटतं कविताच थोडी हलवावी. तुझी कविता आहे, तूच लिहायचीस, पण वाक्य कुठल्या दिशेने न्यावं ते दाखवायला म्हणून एक मांडून बघते:

तू गेलास तेव्हाचं उधाण केव्हाच उतरलं
आता भांगाचं पाणी
चढतं तेही थोडं, उतरतं तेही थोडं
तळ काही दिसत नाही

यात भांग लागली-चढली असं काही नाही, 'भांगाचं पाणी' आहे, उधाण आधीच येऊन गेलंय, त्यामुळे होळीकडे जायची वाटच बंद. लिहून झालं की नवऱ्याला वाचून दाखव, पण "कळलं का?" असं विचारू नकोस, त्याला लोक हो तरी म्हणतात किंवा नाही तरी. "तुला काय दिसलं?" असं विचार. त्याला पाणी दिसलं तर शब्दाने काम केलं, मग त्याला नेमका अर्थ सांगता आला नाही तरी बिघडत नाही. काहीच दिसलं नाही तर वाक्य पुन्हा बघ, शब्द लगेच काढून टाकू नकोस.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं, कारण अशी पत्रं आणखीही येतात, कुणाला 'पागोळी' सापडलेली असते, कुणाला 'वळचण', कुणाला 'तिरीप'. कौलारू घरं गेली म्हणून पागोळी गेली असं वाटतं, पण पावसात रिक्षा स्टँडच्या पत्र्यावरून धार गळते ती काय असते? बघा आणि तिथे वापरा, आजीच्या गावाला जायची वाट बघत बसू नका. आणि शब्द शोधायला कोशाआधी माणसांकडे जा, गवंडी, शिंपी, पालेभाजी विकणाऱ्या बाया, सोसायटीचा माळी, त्यांच्या कामातल्या वस्तूंना, बिघाडांना, हवामानाला ते काय म्हणतात ते विचारा. घरात मुलं असतील तर त्यांना शब्द देऊन "वाक्यात उपयोग करा" म्हणू नका, ती वस्तू दाखवा, मुलं शब्द आपोआप उचलतात आणि आपल्यापेक्षा धीटपणे वापरतात.

तर तू आता असं कर, पुढची अष्टमी कधी आहे ते बघून ठेव, खाडीवर जाऊन ये, मग नवी ओळ घेऊन बाजारात जा. आणि मावशींना माझ्याकडून एक विचारशील का, उधाण आणि भांग यांच्या मधले जे दिवस असतात, पाणी वाढत जातं ते आणि कमी होत जातं ते, त्यांना त्या काय म्हणतात? उत्तर त्यांच्याच वाक्यात लिहून पाठव.